बनगावची पिंपे

जुलाब होत असतील तर घरच्या घरी काय द्यावे, असे कोणत्याही वर्गात विचारले तर उत्तर चटकन येते : मीठ-साखरेचे पाणी. मीठ कशाला, याचेही उत्तर मिळते. जुलाबातून अंगातले मीठ जाते, ते भरून काढायचे. पण साखर कशाला, असे विचारले की वर्ग जरा थबकतो. ‘ताकद यावी म्हणून’, ‘चव यावी म्हणून’, अशी उत्तरे येतात. मी हा प्रश्न विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही अनेकदा विचारला आहे, आणि बहुतेक वेळा हीच दोन उत्तरे ऐकली आहेत. ती अगदीच चुकीची नाहीत, पण खरे कारण तिसरेच आहे. ते शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकात कळले. तरीही ते ज्ञान इस्पितळाच्या दारातच अडकून पडले होते. ते दार उघडले १९७१ साली, एका युद्धामुळे आणि त्या युद्धाने देशोधडीला लावलेल्या सामान्य माणसांमुळे. ही हकिकत त्याच दाराची आहे.

जेसोर रस्त्यावरची माणसे

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली आणि त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून लोकांचे लोंढे भारताच्या सीमेकडे निघाले. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसाम या राज्यांत छावण्या उभ्या राहिल्या. वर्षअखेरीस भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे एक कोटी झाली होती. माणसे चालत आली होती, हातात मावेल तेवढेच घेऊन. छावण्या अपुऱ्या पडल्या तेव्हा लोक शाळांच्या ओवऱ्यांत, झाडांखाली, अगदी सांडपाण्याच्या मोठ्या सिमेंटच्या नळ्यांतही राहिले.

हा भार साऱ्या देशाने उचलला. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या टपालाखेरीज पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट लावणे सक्तीचे झाले. तुमच्यापैकी ज्येष्ठांना ते आठवत असेल. एखाद्या घरात जुनी पत्रे जपून ठेवलेली असतील, तर त्यांच्यावर ते आजही पाहायला मिळेल. विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगा तो एक छोटा ऐतिहासिक पुरावाच आहे.

युद्धात सापडलेल्या नागरिकाला काय लागते? धान्य, निवारा, कपडे, औषधे, ही यादी आपण सहज करतो. या यादीत पहिला क्रमांक पाण्याचा असतो, हे मात्र विसरायला होते. हजारो माणसे एका जागी, शौचाची सोय नाही, पिण्याचे पाणी आणि मैला यांत अंतर नाही, त्यात डोक्यावर पावसाळा. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, यापेक्षा अधिक काही लागत नाही. मे-जूनमध्ये छावण्यांतून पटकी पसरली.

कोलकात्याहून जेसोरकडे जाणारा रस्ता बनगाव या गावावरून जातो. सीमा तिथून अगदी जवळ. गाव लहान, आणि परिसरात साडेतीन लाखांच्या आसपास निर्वासित. पटकीच्या रुग्णांसाठी तिथल्या इस्पितळात दोन खोल्या होत्या. २४ जून १९७१ रोजी कोलकात्याहून दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह तिथे पोचले, तेव्हा दोन्ही खोल्या भरून रुग्ण जमिनीवर पडलेले होते. शिरेत सुई घालायची तर डॉक्टरला त्या मैल्यातच गुडघे टेकावे लागत. दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास मरत होते. महालनबीस यांचा जन्म १९३४ सालचा, किशोरगंजचा. ते गाव आज बांगलादेशात आहे. म्हणजे समोर आलेली माणसे त्यांच्याच मुलखातली होती.

पटकीत माणूस का मरतो?

पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही की आतडे खाऊन टाकत नाही. लहान आतड्यात राहून तो एक विष सोडतो. या विषाचे अस्तित्व १९५९ साली शंभुनाथ डे यांनी कोलकात्यातच, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवून दिले होते. विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पन्नास किलो वजनाच्या माणसाचे पाच लिटर पाणी, म्हणजे वजनाचा दहावा भाग गेला की डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते आणि काही तासांत मृत्यू येतो. म्हणजे माणूस मरतो तो जंतूमुळे नव्हे, कोरडा पडून.

गेलेले पाणी आणि क्षार परत द्यावेत, हे मग साधे तर्कशास्त्र झाले. ते फार पूर्वी सुचलेही होते. १८३२ सालच्या ब्रिटनमधल्या साथीत विल्यम ओ’शॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवले, आणि थॉमस लॅटा याने शिरेतून मिठाचे पाणी देऊन पाहिले. (हाच ओ’शॉनेसी पुढे कोलकात्यात आला आणि त्याने भारतात तारायंत्राचे जाळे उभारले.) विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात शिरेतून क्षारजल देऊन पटकीचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. पुढे पद्धत सुधारत गेली, आणि १९६० च्या दशकापर्यंत चांगल्या इस्पितळात पटकीने मरण येणे दुर्मीळ झाले.

पण शिरेतून द्यायचे म्हणजे निर्जंतुक सलाईन हवे, बाटल्या हव्यात, सुया-नळ्या हव्यात, आणि शीर शोधणारा सराईत हात हवा. तीव्र रुग्णाला दिवसाला दहा-पंधरा लिटर सलाईन लागे. हे सारे शहरात मिळते. पटकी मात्र शहरातल्या इस्पितळाजवळच होईल असे नाही.

साखरेचे काम

मग पाणी तोंडाने का देत नव्हते? कारण ते टिकत नसे. नुसते मिठाचे पाणी पाजले तर जुलाब थांबण्याऐवजी वाढल्यासारखे होत. त्यातून अशी समजूत पक्की झाली होती की पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, म्हणून आतड्याला ‘विश्रांती’ द्यावी आणि तोंडाने काही देऊ नये. १९५३ साली कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रुग्णांना ग्लुकोज आणि मीठ घातलेले पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हे पाणी का लागू पडावे याचे स्पष्टीकरणही नव्हते. जगाने त्याकडे लक्ष दिले नाही.

स्पष्टीकरण आले ते पटकीशी संबंध नसलेल्या एका संशोधनातून. १९६० साली प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी असे मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमला सोबत घेऊन शिरते. पेशीच्या आवरणात एक वाहक असतो. हा वाहक म्हणजे दोन किल्ल्यांनी उघडणारे कुलूप समजा. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही हजर असतील तरच ते उघडते. दोन्ही आत गेली की त्यांच्यामागून पाणीही जाते.

त्याच सुमारास पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले गेले आणि अस्तर शाबूत असल्याचे आढळले. म्हणजे विषाने पाणी बाहेर ओतणारी तोटी उघडी ठेवलेली असते, पण पाणी आत घेणारे हे दार बंद केलेले नसते. नुसत्या मिठाच्या पाण्याजवळ एकच किल्ली असते. साखर ही दुसरी किल्ली. ‘साखर कशाला?’ या प्रश्नाचे तिसरे उत्तर हे आहे.

हे तत्त्व रुग्णांवर यशस्वीपणे उतरवले ते ढाका आणि कोलकाता या दोन शहरांतल्या संशोधकांनी. १९६८ साली डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी ढाक्यातील पटकी प्रयोगशाळेत दाखवले की जेवढे पाणी जुलाबातून जाते, तेवढे मोजून ग्लुकोज-क्षारांचे पाणी तोंडाने दिले, तर शिरेतून द्यायचे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी लागते. कोलकात्यात महालनबीस काम करत होते त्या संस्थेतही असे निष्कर्ष मिळत होते.

तरीही १९७१ पर्यंत हा उपाय जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजमाप करून देण्याचाच मानला जात होता. यात वैद्यकाचा निव्वळ हट्ट होता असे नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मनिला येथे क्षारांचे प्रमाण जास्त असलेले द्रावण तोंडाने देऊन पाहिले, तेव्हा काही रुग्ण दगावले होते. सावधगिरीला कारण होते. प्रश्न एवढाच होता की सावधगिरीची किंमत कोण मोजत आहे?

पिंप आणि नळ

बनगावात थोड्याच दिवसांत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. महालनबीस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. बाटल्यांची वाट पाहायची, किंवा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला उपाय तिथे अजून न आजमावलेल्या परिस्थितीत वापरायचा. त्यांनी दुसरी वाट धरली.

कोलकात्यात संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. एका लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. तिन्ही पदार्थ बाजारात मिळणारे. वजन करून ते पॉलिथिनच्या पिशव्यांत भरायचे आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे. चार लिटरची एक पिशवी, सोळा लिटरची एक. गाडीतून त्या बनगावला जात. तिथे पिंपात पिण्याचे पाणी घेऊन पिशवी रिकामी करायची आणि पिंपाला बसवलेल्या नळातून भांडे भरून घ्यायचे. एका लिटरचा खर्च सुमारे ११ पैसे. लोकांना ‘सलाईन’ या शब्दाचा विश्वास वाटे, म्हणून या पाण्याला ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ म्हटले गेले.

नववी-दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. मिठाचा रेणुभार ५८.५, सोड्याचा ८४. साडेतीन ग्रॅम मिठातून ६० आणि अडीच ग्रॅम सोड्यातून ३० मिलिमोल सोडियम मिळते, एकूण ९०. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू जोडलेला धरला तर रेणुभार १९८, म्हणून २२ ग्रॅम म्हणजे १११ मिलिमोल. दोन्ही किल्ल्या साधारण सारख्या संख्येने आहेत, हे विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येईल.

पण बनगावची खरी नवलाई रसायनात नव्हती. ती होती पेला कोणाच्या हातात आहे यात. अत्यवस्थ रुग्णांसाठी उरलेले सलाईन राखून ठेवले होते. बाकीच्यांच्या उशाशी बसून पाणी पाजत होते त्यांचेच नातेवाईक : आई, बहीण, म्हातारा बाप. त्यांना एवढेच सांगितले होते की तहान आहे तोवर पाजत राहा, उलटी झाली तरी थोड्या वेळाने पुन्हा द्या. मोजमापाचे काम रुग्णाच्या तहानेवर सोपवले होते. तहान भागली की तो आपणच नको म्हणतो. ज्यांना आपण ‘मदत घेणारे’ समजतो, तेच इथे मदत करणारे झाले होते.

आठ आठवड्यांत ३७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. तीस टक्क्यांचा जुना दर कायम राहिला असता तर अकराशेच्या आसपास माणसे गेली असती. प्रत्यक्षात सुमारे १३० गेली. हजाराच्या जवळपास माणसे वाचली, ती या पिंपांमुळे.

वैज्ञानिक म्हणून एक गोष्ट मी इथे सांगितली पाहिजे. हा नियंत्रित प्रयोग नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मरणाच्या दारी असलेल्यांना उपचाराविना ठेवून असा गट करणे कोणत्याही सुजाण डॉक्टरला शक्यही नव्हते. म्हणून हे निष्कर्ष अनेकांच्या गळी उतरले नाहीत. सविस्तर निबंध प्रसिद्ध व्हायला १९७३ साल उजाडले. चटर्जींच्या निबंधातही तुलनेचा गट नव्हता, मग फरक काय पडला? फरक असा की मधल्या काळात क्रेन यांनी कारण दिले होते, आणि ढाक्याने व कोलकात्याने मोजून पुरावा दिला होता. बनगावने त्यात भर घातली ती एकाच गोष्टीची : हा उपाय चिखलातही चालतो आणि अशिक्षित माणसाच्या हातूनही चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी बनगावला भेट देऊन हे काम पाहिले आणि त्याचा पाठपुरावा केला. मीठ आणि ग्लुकोज कसे मिसळावे याची कृती त्या काळात बांगलादेशाच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली, असे महालनबीस यांनी पुढे नमूद केले आहे. जिथे सलाईनची बाटली पोचणे अशक्य होते, तिथे माहिती पोचू शकत होती.

बनगावनंतर

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकच प्रमाणित मिश्रण ठरवले. त्यात पोटॅशियमचीही भर पडली. १९७८ साली ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडीच्या शोधाला कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. २००२ साली क्षार व ग्लुकोज दोन्हींचे प्रमाण कमी करून मिश्रण सुधारले गेले. आज औषधांच्या दुकानात जलसंजीवनीची पुडी मिळते ती याच सुधारित सूत्राची.

स्वतंत्र बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर बायका पाठवून मातांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे मिश्रण करायला शिकवले. एक कोटीहून अधिक घरांत हे शिक्षण पोचले. यात शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे एक वैशिष्ट्य होते. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिने किती घरे केली यावर नव्हे, तर नंतर तपासणी केल्यावर मातांना किती आठवते यावर ठरत असे. असा नियम आपल्याला लावला तर, असा विचार मनात येऊन मी जरा सावध झालो, हे कबूल करतो.

जेथे पुडी पुरली नाही

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. जुलै १९९४ मध्ये रवांडातील नरसंहार व युद्धानंतर लक्षावधी निर्वासित शेजारच्या झाइर (आजचे काँगो) या देशातील गोमा शहराजवळ पोचले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. शौचाचे खड्डे खणता येईनात, प्रेते पुरता येईनात. पिण्याला पाणी कीवू सरोवराचे. पहिल्याच महिन्यात जवळजवळ ५०,००० माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य पटकी व हगवणीने. जलसंजीवनीचे ज्ञान तेव्हा जगाला दोन दशके होते. पण ती कालवायला स्वच्छ पाणीच नव्हते, आणि सतत उशाशी बसून पाजणाऱ्या, अनुभवी हातांची वाण होती. या अपयशाच्या परीक्षणातून १९९७ साली मदतकार्याचे किमान निकष ठरवण्याचा ‘स्फीअर’ प्रकल्प सुरू झाला. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, हा त्यातला सर्वपरिचित निकष.

याउलट येमेन पाहा. युद्धाने तिथली पाणी व सांडपाण्याची व्यवस्था मोडली आणि आरोग्यसेवकांचे पगार थकले. २०१७ च्या अखेरीपर्यंत पटकीच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. त्यांतले २२०० हून अधिक मरण पावले. हे प्रमाण ०.२ टक्के पडते. सारेच संशयित खरे पटकीचे नसणार, म्हणून या आकड्याची बनगावशी थेट तुलना करू नये. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. आजारी पडलेल्याला वाचवण्याची विद्या आता आपल्याजवळ आहे. दहा लाख माणसांना आजारी न पडू देण्याची विद्याही आहे. युद्धाने दुसरी हिरावून घेतली, म्हणून सारा भार पहिलीवर पडला.

१९४९ च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात, नागरिकांच्या जगण्याला अत्यावश्यक असलेल्या पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेवर हल्ला करण्यास मनाई आहे. कायद्याचे हे कलम आणि साखरेची ती किल्ली, दोन्ही एकाच धड्यात शिकवायला हवीत असे मला वाटते. पुडीने मृत्यू टळतो. साथ टळते ती नळाला स्वच्छ पाणी असल्याने. पुडी पाठवली म्हणजे मदत झाली असे मानले, तर पाण्याची टाकी कोणी फोडली हा प्रश्न मागे पडतो.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एक लिटर पिण्याचे पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या आणि सपाट भरा, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव घेऊन पाहायला सांगा, ते पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मग विचारा, साखर कशाला? तिन्ही उत्तरे मिळाली की चौथा प्रश्न विचारा : बनगावात हे पाणी कोणी पाजले? त्या माणसांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना सोडियमचा शब्दही ठाऊक नव्हता.